डावा चार, उजवा सहा

नागपूरहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलंत? संत्रा बर्फी आणलीत का? तलावावर गेला होतात का? मी चार दिवस नागपुरात होते आणि त्या चार दिवसांत मी चपलांची दुकानं पाहिली. गार हवेची पाहिली, गादीची पाहिली, फुटपाथवरची पाहिली. कुणाला त्या शहरातल्या चपलांच्या दुकानांविषयी काही विचारायचं असेल तर मला खुशाल विचारावं. बाकीचं नागपूर मी होतं तसंच ठेवून आले.

आधी कारण सांगते, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. मी दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. डावा पाय वाचला, पण उजव्याच्या बरोबरीने वाढला मात्र नाही. आज उजव्या पायाला सहा नंबरची चप्पल लागते आणि डाव्याला चार नंबरची. मी थोडी लंगडते. मापाची, मागून पट्टा असलेली चप्पल पायात असली तर ते फारसं कळत नाही. डावी सैल असली तर पाऊल आत घसरतं, तोल जातो आणि मग ते सगळ्या जगाला कळतं.

लहानपणी आई माझ्यासाठी दोन जोड्या घ्यायची, एक लहान मापाची, एक मोठ्या मापाची. त्यातली एकेक चप्पल माझ्या पायात यायची आणि उरलेल्या दोन माळ्यावर जायच्या. वडील कधी काही बोलले नाहीत, पण दुकानदार दोन डबे बांधायला लागला की ते बाहेर जाऊन उभे राहायचे. मला शाळेत नोकरी लागली आणि पहिला पगार हातात आला, त्या दिवशी मी ठरवलं की यापुढे दोन पायांसाठी चार चपला विकत घ्यायच्या नाहीत. साताऱ्यात चपला शिवणारे एक काका आहेत, ते मला दोन मापांची एक जोडी करून देतात. तीन आठवडे लावतात, पण देतात.

आता नागपूर. माझ्या मुलाचा, अनिकेतचा, साखरपुडा रविवारी तिथे होता. रेवती नागपूरची, दोघं पुण्यात एकाच ऑफिसात कामाला. तिच्या घरच्यांना मी फक्त फोनच्या पडद्यावर भेटले होते, म्हणजे गळ्यापासून वर. निघण्यापूर्वी अनिकेतला विचारलं, "माझ्या पायाचं सांगितलंस ना त्यांना?" तो म्हणाला, "त्यात काय सांगायचंय?" आता याला काय म्हणावं! त्याचे वडील, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो, मला हो म्हणाले त्याच्या आधी सात ठिकाणांहून निरोप आले होते, 'मुलगी चांगली आहे, पण.' त्या 'पण'पायी माझी उमेदीची वर्षं करपली. साठीतही ते मनातून गेलेलं नाही. रविवारी दोनशे माणसांसमोर, हॉलच्या दारापासून स्टेजपर्यंत, मला मुलाची आई म्हणून सरळ चालत जायचं होतं. बाकी माझी काही मागणी नव्हती.

गुरुवार

वर्ध्याला गाडी थांबली तेव्हा मी खिडकीशी बसून केस विंचरत होते. पोती, पेट्या आणि एक घडीची खाट घेऊन एक कुटुंब उतरलं. गाडी हलली आणि फलाटावर मला माझी डावी चप्पल दिसली. कुणाच्या तरी पोत्याबरोबर घसपटत खाली गेली असणार. नीट सरळ पडली होती, पुढच्या गाडीची वाट पाहत उभी असल्यासारखी. मी ओरडले. समोरचे गृहस्थ म्हणाले, "एकच गेली ना? मग काही हरकत नाही." हे वाक्य मला अजून समजलेलं नाही.

स्टेशनवर माझी मावसबहीण सुनंदा घ्यायला आली होती. ती मूळची साताऱ्याचीच, पण नागपुरात नांदून तीस वर्षं झाली आणि आता बोलायला लागली की ऐकणारा तिला तिथलीच समजतो.

"अव माय! ताई, एकच चप्पल घालून काहून येऊन राहिली वं?"

मी सांगितलं. साताऱ्यातल्या घराला कुलूप, जुनी जोडी त्या कुलपात, अनिकेत पुण्याहून परस्पर येणार. तिने रस्त्यातल्या दोन चर्मकारांना विचारलंही. दोघांनी माप घ्यायची तयारी दाखवली आणि दोघांनी लग्नसराईमुळे पंधरा दिवसांचा वायदा दिला.

"टेन्शन नको घेऊ," सुनंदा म्हणाली. "नागपुरात काय भेटत नाही? मॉलमध्ये जाऊ."

तिच्या न्हाणीघरातल्या रबरी सपाता पायात अडकवून, डावीला सुतळी बांधून, दुपारी मी मॉलमध्ये गेले. बाहेर एप्रिलचं ऊन, आत थेट महाबळेश्वर. चपलांच्या दुकानात गाणी लागली होती आणि सगळा माल उघड्यावर मांडला होता. गळ्यात पट्टी घातलेली एक मुलगी आली, "हेल्प लागली तर सांगा हं मॅम," असं म्हणाली आणि अदृश्य झाली. तिची मदत लागली तेव्हा तिला शोधायला मला सुनंदाची मदत लागली. बसायला म्हणून एक गुबगुबीत ठोकळा होता, इतका बुटका की बसताना मी पडले आणि उठताना सुनंदा.

मुलीला मी माझी अडचण समजावून सांगितली. एकाच प्रकारची, डावी चार, उजवी सहा. तिने डब्यावरच्या काळ्या रेघा यंत्राला दाखवल्या. यंत्राने टुक केलं.

"मॅम, सिस्टिम सिंगल घेत नाही. बारकोड पेअरचा असतो."

"सिस्टिमला पाय आहेत का?" मी विचारलं.

तिने मॅनेजरला बोलावलं. तो फार नम्र होता. नम्र माणसं मला जास्त थकवतात, कारण त्यांच्याशी भांडता येत नाही. तो म्हणाला, "मॅम, तुम्ही दोन पेअर घेऊन टाका ना. आमची ऑफर चालू आहे. दोन घेतल्या की तिसरी फ्री."

म्हणजे दोन पायांसाठी सहा चपला. मी उठले. साताऱ्याचा दुकानदार मान वर न करता 'नाही' म्हणून मोकळा होतो. त्याला उद्धट म्हणतात, पण तो माणसाचा वेळ घेत नाही. इथे मला पाऊण तास हसतमुखाने नाही म्हटलं गेलं होतं.

रात्री सुनंदाने वडाभात केला. भातावर वडे कुस्करून वरून हिंगाची कढत फोडणी. तेवढ्यापुरतं मी नागपूरला माफ केलं. जेवताना तिच्या सुनेने फोनवर दोन मापांची ऑर्डर टाकून पाहिली, मी नको म्हणत असताना. "काकू, आवडली नाही तर परत करता येते." माझं म्हणणं आवडीचं नव्हतंच. शनिवारी संध्याकाळी तो डबा आला. त्यातली 'चार' कुठल्या देशातली होती देव जाणे. तिच्यात माझे दोन्ही पाय एकदम मावले.

शुक्रवार, सीताबर्डी

सकाळी तर्री पोहे. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात आणि मग लोक तोंड भाजत, नाक पुसत, आणखी रस्सा मागतात. मी बिनरश्श्याचे मागितले. गाडीवाल्याने मला आजारी समजून लिंबू जास्त दिलं.

"आता तुले खऱ्या दुकानात नेतो," सुनंदा म्हणाली. नागपुरात बाया स्वतःविषयी बोलताना कधीकधी पुरुषासारखं बोलतात. तीस वर्षांत ती तेही शिकली आहे.

दुकान तीन मजली, जुनं. दारात गादी, गादीवर मालक, भिंतीला छतापर्यंत डबे. आत पाऊल टाकताच कुणी पाणी दिलं, कुणी चहा सांगितला, आणि बंडूभाऊ नावाचे पन्नाशीचे विक्रेते उतरत्या पाटीचं बुटकं स्टूल घेऊन माझ्या पायाशी बसले. त्यांनी माझा डावा पाय हातात घेतला. असा पाय हातात घेताना माणसं क्षणभर थबकतात, मला ते आता बोटांवरूनच कळतं. बंडूभाऊ थबकले नाहीत. त्यांनी पितळी मापावर पाय ठेवला, मग दुसरा ठेवला.

"डावा चार, उजवा सहा."

"हो. मिळेल?"

"होते ना! काहून नाही होणार?"

माझा जीव भांड्यात पडला. बंडूभाऊंनी वर पाहून हाळी दिली आणि वरच्या भोकातून एकामागून एक डबे येऊ लागले. पहिला डबा पाच नंबरचा. दुसरा पाच नंबरचा. तिसराही.

"बंडूभाऊ, चार आणि सहा म्हणाले मी."

"हाव ना, मॅडम. चार आणि सहाच्या मधात पाच. दोघांचंही समाधान."

मी पाच घालून पाहिली. उजव्या पायाची बोटं आवळली, डावा आत पोहू लागला. दोघांचंही समाधान सारखंच झालं नाही. मी तसं सांगितलं. "दुसरी दाखवतो ना," म्हणून त्यांनी पाच नंबरच्या आणखी चौदा जोड्या दाखवल्या. लाल, सोनेरी, खड्यांची, मोराची. दरम्यान चहा आला. मग ताक आलं. मी निघते म्हटलं की बंडूभाऊ दुखावल्यासारखे म्हणत, "बसा ना मॅडम, पाहायचे काय पैसे पडून राहिले का?" सुनंदाने त्या वेळात स्वतःसाठी दोन जोड्या पसंत केल्या. हे आणखी एक.

शेवटी मी गादीपाशी जाऊन मालकांना सरळ विचारलं, एक चारची जोडी आणि एक सहाची फोडून मला द्याल का? बंडूभाऊंनी मान खाली घातली. मालकांनी हातातला पेन ठेवला. सत्तरीचे, गंध लावलेले, सभ्य गृहस्थ.

"बाई, या दुकानात जोडी फुटत नाही. वडिलांनी सांगून ठेवलं आहे. जोडी फोडली की बरकत जाते."

"आणि गिऱ्हाईक गेलं तर?"

"गिऱ्हाईक उद्या येते. बरकत येत नाही." आणि मग फार मायेने, "आणखी एक चहा घ्या ना."

मी संतापाने दुकानाच्या पायऱ्या उतरले. पहिल्याच मिनिटाला जे सांगता आलं असतं, त्यासाठी दोन तास, सतरा डबे आणि ताक! मला नकाराची सवय आहे, पण नकार देण्यापूर्वी इतका पाहुणचार मी पहिल्यांदाच सोसला.

फुटपाथवर तर सगळीकडे एकेकट्याच चपला टांगलेल्या. मला क्षणभर वाटलं, स्वर्गात आले. हे विक्रेते चोरीच्या भीतीने एकाच पायाची चप्पल बाहेर लावतात. दुसरी मागच्या पोत्यात. बाहेर सगळ्या उजव्या. एका तरुण, घोगऱ्या आवाजाच्या विक्रेत्याने सहाची उजवी काढली, ती मला झकास बसली. मग डावी. चारचं पोतं त्याच्या भागीदाराकडे, आणि भागीदार भंडाऱ्याला सासुरवाडीला. विक्रेता डगमगला नाही. त्याने डावी सहाचीच घेतली, तिच्यात पुठ्ठा कापून घातला, वर स्पंज चिकटवला, पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं. साडेतीन मिनिटांत.

"घ्या मावशी. एकदम फिट बसून राहिली. चालून पाहा."

मी चालले. खरंच बरी होती. मॉलने दाखवली नव्हती, गादीने दाखवली नव्हती, ती जिद्द या माणसात होती. मी त्याला आशीर्वादच दिला आणि व्हरायटी चौकाकडे निघाले. चौकाच्या ऐन मधोमध पुठ्ठा एका बाजूने, स्पंज दुसऱ्या बाजूने आणि नव्या भोकापासून पट्टा तिसऱ्या बाजूने निघून गेला. दुपारचा एक. डांबर तव्यासारखं. एक पाय चपलेत, एक पाय हवेत, सपाता सुनंदाच्या पिशवीच्या तळाशी, चारी बाजूंनी भोंगे, आणि मी सुनंदाचा खांदा धरून तिथे उभी. एका ऑटोवाल्याने गाडी आडवी घालून आम्हाला अक्षरशः उचलून आत घेतलं. "काकू, एका पायाने अनवाणी काहून फिरून राहिल्या? नवस आहे का?"

मी हो म्हटलं. खरं सांगायचं त्राण नव्हतं.

त्या रात्री मी झोपले नाही. पायांना फोड आले होते, पण झोप त्यामुळे गेली नव्हती. मला रविवार दिसत होता. दोनशे माणसं, आणि त्यांच्यामधून फताक् फताक् आवाज करत जाणारी मुलाची आई. आणि मागून कुणीतरी हळूच म्हणणार, 'मुलगा चांगला आहे, पण.'

शनिवार, जरीपटका

"आता घाऊक बाजार," सुनंदा म्हणाली. माझ्यात विरोधाचं बळ नव्हतं.

जरीपटक्याच्या त्या गल्लीतल्या दुकानात आरसा नव्हता, स्टूल नव्हतं, पंखाही मालकापुरताच. खोकी, खोकी आणि खोकी. मधे टेबलाशी शेठ फोनवर बोलत होते. एका खोक्यावर सावनेरचे एक दुकानदार आपला माल बांधून होण्याची वाट पाहत तंबाखू मळत बसले होते. आम्ही दहा मिनिटं उभ्या राहिलो. कुणी पाणी विचारलं नाही. मला बरं वाटलं.

शेठनी फोन ठेवला. "कौनसी दुकान?"

"दुकान नाही. मला चप्पल हवी आहे."

"बहनजी, इथं सेट निघते. बारा जोडीचा. खुला माल नाही."

मी माझ्या पायांकडे पाहिलं. सुतळीच्या सपाता, फोडांवर पट्ट्या. आणि ज्या गोष्टीची मला आयुष्यभर लाज वाटत आली ती मी स्वतःच्या तोंडाने म्हणाले, "दोन जोड्या घेते. एक चारची, एक सहाची. पूर्ण पैसे घ्या. फोडू नका काही." सुनंदाने माझ्याकडे चमकून पाहिलं, तिला माळ्याची गोष्ट ठाऊक आहे.

"नाही ना बहनजी. दोन नाही, बारा."

म्हणजे माझी शरणागतीसुद्धा किरकोळीत घेत नव्हते! तेव्हा मात्र मी फुटले. पस्तीस वर्षांचा वर्गावरचा आवाज होता तो, गल्लीपर्यंत गेला. मी त्यांना मॉल सांगितला, पाच नंबर सांगितला, ताक सांगितलं, पुठ्ठा सांगितला, चौक सांगितला. उद्या माझ्या मुलाचा साखरपुडा आहे आणि सबंध नागपुरात एकही माणूस असा नाही ज्याला हे समजेल की पाय दोन असतात आणि ते वेगळे असू शकतात, असं म्हणाले आणि रडायला लागले. भर दुकानात, परक्या पुरुषांपुढे. लाज वाटली, पण थांबता येईना.

सावनेरचे दुकानदार तंबाखू तशीच हातात धरून म्हणाले, "शेठ, ते सॅम्पलचं पोतं काढ ना गा."

"ते काय कामाचं? एकेक पाय आहे."

"म्हणूनच म्हणून राहिलो. बाईले डावी चार पाहिजे. तुझे सॅम्पल कोणत्या पायाचे येतात?"

शेठ उठले, मागे गेले, एक पोतं ओढत आणलं आणि माझ्यासमोर जमिनीवर उपडं केलं.

चपलांचा ढीग पडला. पट्ट्याच्या, विणलेल्या, टाचेच्या, सपाट. मी एक उचलली. डावी. दुसरी उचलली. डावी. उलटी करून नंबर पाहिला. चार. पुढची चार. त्याच्या पुढचीही चार. सावनेरच्या भाऊंनी सांगितलं तेव्हा कळलं की घाऊक व्यापारात नमुना एकाच पायाचा येतो, कुणी घालू नये आणि विकू नये म्हणून; आणि शेठकडे बायकांचा नमुना नेहमी चार नंबरचा, डाव्या पायाचाच येतो. हंगाम संपला की पोतं फेकून देतात.

मी त्या ढिगासमोर खाली बसले. ज्या पायाच्या चपलेसाठी आईने पैसे साठवले, वडील रस्त्यावर जाऊन उभे राहिले, त्या पायाच्या मापाच्या चपला इथे पोत्याने होत्या. दर हंगामाला. फेकायला. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. इतका राग मला त्या सात स्थळांचाही आला नव्हता.

"ताई, निवड ना वं," सुनंदा म्हणाली.

मी कॉफी रंगाची, मागून पट्ट्याची एक काढली. पायात घातली. जराही घसरली नाही. आता त्याच प्रकारची उजवी सहा. शेठनी डबा काढला, उघडला आणि हात थांबला. "जोडी कशी तोडू, बहनजी? ही डावी मग काय करू?"

मी त्यांना बरकतीबद्दल बोलू देणार नव्हते. तेवढ्यात सावनेरचे भाऊ म्हणाले, "काय करायचं त्यात? ती डावी टाक पोत्यात. सॅम्पल झालं तुझं. पाहायले चार काय अन् सहा काय!"

शेठनी एकदा चपलेकडे पाहिलं, एकदा पोत्याकडे. "चलेगा," म्हणाले आणि सहाची डावी ढिगावर टाकली. झालं. इतकंच होतं ते. त्यांनी एका जोडीचे पैसे घेतले, एक रुपया जास्त नाही. आणि मला पहिल्यांदाच दुकानातून एकच डबा बांधून मिळाला.

रविवार

हॉलच्या फाटकापासून मी चालत गेले तेव्हा सुनंदा मागून म्हणाली, "ताई, एकदम रुबाबात चालून राहिली!" खरंच चालत होते. जांभळी पैठणी, कॉफी रंगाच्या चपला, डावं पाऊल उजव्याइतकंच घट्ट. अनिकेत दारातच भेटला. त्याच्या काही लक्षात आलं नाही, म्हणजे सगळं ठीक होतं. सनई लागली होती, अत्तर शिंपडत होते, समोर लांब लाल गालिचा आणि टोकाला स्टेज. स्टेजवर चौरंग, चौरंगावर गणपती.

गालिच्याच्या अलीकडे चपलांचा खच पडला होता. दारातल्या मुलीने हसून हात केला, "चपला इथं काढा हं."

मी सुनंदाकडे पाहिलं. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं.

चार दिवस! तिने आजवर शंभर साखरपुडे जेवले असतील. मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं. पूजा असते तिथे चप्पल घालून जात नाहीत, हे तीन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. आम्हा दोघींच्या डोक्यात ते एकदाही आलं नाही. मॉलमध्ये नाही, ताक पिताना नाही, चौकात एका पायावर उभी असतानाही नाही. तिला हसू येत होतं आणि ती ते दाबत होती, आणि मला तिचा गळा दाबावासा वाटत होता.

मी पट्टे सोडले. चपला कडेला ठेवल्या. गालिचा मऊ होता, आणि मऊ जमिनीवर मी सगळ्यात जास्त लंगडते. दोनशे माणसं. मी समोरच्या गणपतीवर नजर ठेवली आणि चालले. पाऊल आणि झोल, पाऊल आणि झोल. अर्ध्यावर गेले असेन, तोच रेवती स्टेजवरून उतरून, भरजरी साडी सावरत, पुढे आली आणि नमस्कारासाठी वाकली. तिचा एक हात डाव्या पावलावर आला, एक उजव्यावर. हात तिथेच राहिले. ती उठेना. कळलं हिला, मी मनात म्हटलं.

तिने मान वर केली. चेहरा घाबरलेला.

"आई, तुमचा उजवा पाय किती सुजला!"

तिने मागे वळून हाक मारली, "आई, बरफ आण ना! यांचा पाय पाहा कसा सुजून राहिला!" तिची आई धावत आली, "अव माय! उन्हात फिरल्या वाटते," म्हणाली, कुणी खुर्ची आणली, कुणी स्टूल, कुणी पन्ह्याच्या पिंपातला बर्फ वाटीत घालून. सगळ्या हॉलसमोर मला बसवलं, माझा उजवा पाय स्टुलावर ठेवला, आणि माझी होणारी सून जमिनीवर बसून त्याला रुमालात गुंडाळलेला बर्फ लावू लागली. माझा धड पाय. सहा नंबरचा.

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण साठ वर्षं सगळ्यांनी चौकशी केली ती डाव्याची. डॉक्टरांनी, तेल चोळणाऱ्या बायकांनी, नवस बोलणाऱ्या आईने. उजव्याकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही. दोघांचं ओझं त्याने एकट्याने ओढलं होतं, आणि हे चार दिवस तर फोड घेऊन ओढलं होतं. बर्फ गार लागत होता. फार बरं वाटत होतं.

"खूप दुखते का, आई?" रेवतीने विचारलं.

"हो गं," मी म्हणाले. "खूप."